वीतभर उघडं शटर

ओल्या चिखलाची एक गोळी चिन-शुईच्या मनगटावर येऊन पडली. वाटाण्याएवढी असेल. शटरची जुनी स्प्रिंग मांडीवर आडवी घेऊन तो तिला ग्रीस चोपडत होता, म्हणून आधी त्याला वाटलं, ग्रीसच उडालं. पण ग्रीस असं गार लागत नाही. त्याने गोळी बोटाने चिरडली. आत गवताची नखाएवढी काडी निघाली. मग त्याला कळलं, आणि कळल्याबरोबर मान आपोआप वर जायला लागली, ती त्याने दाबून खाली धरली. सकाळचे दहा वाजले होते. पिंगतुंगच्या त्या रस्त्यावर नेहमीसारख्या स्कूटर धावत होत्या, समोर च्याओ ताईच्या दुकानात बर्फ किसायचं यंत्र घरघरत होतं, आणि त्याच्या डोक्याच्या वर चार हातांवर, ट्यूबलाइटच्या पट्टीवर, दोघं बसून आपसात काहीतरी बारीक आवाजात बोलत होती. आठवडाभर तो हा आवाज ऐकत होता आणि बाहेरचा आहे म्हणून स्वतःला सांगत होता.

त्या पट्टीवरच्या घरट्यात चार पिल्लं मेली होती, आणि ती आपण मारली, हे त्याला दहा महिने ठाऊक होतं. ठाऊक म्हणजे, त्याने पाहिलं नव्हतं. पाहायला लागू नये म्हणूनच तो मान खाली घालून दुकानात यायचा, मान खाली घालून काम करायचा आणि दिवेलागणीला बटण दाबून शटर जमिनीला टेकेपर्यंत पाडायचा. शटर दुरुस्त करणाऱ्या माणसाचं सगळं काम वर असतं. वरचा ड्रम, वरची स्प्रिंग, वरची मोटर. दुसऱ्यांच्या दुकानांत तो दिवसभर मान वर करूनच उभा असायचा. फक्त स्वतःच्या दुकानात त्याची मान वर होत नव्हती. पिल्लांचं एकवेळ त्याने गिळलं असतं. पाखरांची पिल्लं मरतात, मांजर खातं, सोसाट्याच्या वाऱ्यात घरटं पडतं. पण त्याच्या बायकोने, श्यू-लुआनने, मरायच्या आदल्या संध्याकाळी त्याला त्यांच्याबद्दल विचारलं होतं, आणि तो तिच्याशी खोटं बोलला होता. चाळीस वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी जे शेवटचं बोलली ते हे, आणि त्याने जे शेवटचं उत्तर दिलं ते ते. आता कोणीतरी त्याच घरट्याला नवा चिखल लावत होतं. आतल्या चार वाळक्या पिल्लांवर नवा थर चढत होता. स्प्रिंग त्याने खाली ठेवली आणि हात फडक्याला पुसत राहिला, पुसून झाल्यावरही.

वरची ती पाखरं, भिंगऱ्या, लुआनच्या होत्या. म्हणजे राहायला दुकानात, पण त्यांचं सगळं बघायची ती. दाराशी तिचं शिलाईचं मशीन असायचं. पँट आखूड करणं, चेन बदलणं अशी कामं ती घ्यायची, आणि दोरा ओवता ओवता वर बघायची. गल्लीत सगळेच म्हणायचे, भिंगऱ्या थंडीत दूरदेशी जातात आणि वसंतात परत येतात. ती म्हणायची, "त्या वेगळ्या. पांढऱ्या पोटाच्या, लांब शेपटीच्या, त्या जातात. ही आपली मळक्या पोटाची, आखूड शेपटीची. ही कुठ्ठे जात नाही. बारा महिने इथेच. तुझ्यासारखी." तो एकदा तैपेईला जाऊन आला होता तेवढाच, त्यावरचा हा टोमणा. घरटं कसं बांधतात हे तिने त्याला इतक्यांदा सांगितलं होतं की ते त्याच्या कानांत बसलं होतं. देवळामागच्या गटाराच्या काठचा चिखल आणायचा, चोचीत मावेल एवढा, त्यात काडी घालायची. नर आणि मादी दोघांनीही आणायचा. सकाळभर थर लावायचा आणि दुपारी थांबायचं, कारण ओल्यावर ओलं चढवलं तर सगळं खाली येतं. "बघ, त्यांना कळतं. तू मात्र कालचा रंग वाळायच्या आधी दुसरा हात मारतोस." मग आत अस्तर. बदकवाल्याच्या पिंजऱ्याखालची पांढरी पिसं. मग रोज एक अंडं, पांढरं, वर तपकिरी ठिपके. तिसरं पडेपर्यंत मादी नीट बसत नाही. ती काठीला आरसा बांधून बघायची आणि खाली उतरून बातमी दिल्यासारखं सांगायची, "आज दुसरं." तो हूं म्हणायचा. एकदा तो म्हणाला, "घरटं एकदा बांधलंय ना? मग दरवर्षी कशाला चिखल?" तर म्हणाली, "कड झिजते. तेच घर, फक्त कड नवी. पिल्लं सुखरूप उडाली की तिथेच परत बसतात. शिंप्याकडे बघ ना, तिथे मुंग्यांनी पिल्लं खाल्ली, तर त्या जोडीने ते घरटं टाकलं आणि हातभर पलीकडे दुसरं बांधलं. परत त्यात पाऊल नाही ठेवलं." हे तिने सांगितलेलं त्याला आत्ता आठवलं आणि तो थांबला. मग वरची जोडी याच घरट्यात का आली? पण ही जोडी वेगळी असेल. नवखी असेल. रिकामं घर दिसलं, आली. आत काय आहे ते त्यांना काय माहीत.

भिंगऱ्या असलेल्या दुकानदारांना गल्लीत रात्री शटर वीतभर वर ठेवायची सवय होती. भल्या पहाटे पाखरांना बाहेर पडता यावं, दुकान उघडायला उशीर झाला तरी पिल्लांच्या तोंडात किडा पडावा म्हणून. कित्येकांच्या शटरमध्ये चिन-शुईने स्वतः वरच्या बाजूला चौकोनी खिडकी कापून दिली होती. स्वतःच्या शटरमध्ये कापीन कापीन म्हणता राहून गेली. मागच्या वर्षी जानेवारीत लुआनचा खांदा धरला तेव्हा त्याने मोटर बसवली. रिमोटच्या बटणाचं शटर. वर, खाली आणि मधलं थांबायचं. तिला मधलंच बटण आवडलं. "तू सगळं एक तर सताड उघडं ठेवतोस नाहीतर गच्च बंद," ती म्हणाली होती. "हे मधलं बटण तुझ्यासाठीच केलंय कोणीतरी." आणि एप्रिलात, पिल्लं आठवड्याची असताना, एका सकाळी मशीनवर बसल्या बसल्या तिला श्वास लागेना. अॅम्ब्युलन्स आली. ती पुढे गेली, त्याने मागून स्कूटरने जायचं ठरलं. त्याने बटण दाबलं. शटर खाली यायला लागलं आणि तेवढ्यात एक भिंगरी किडा घेऊन आली. आत शिरणार, तर समोर पत्रा. ती जेमतेम वळली. फुटपाथवरून एक फेरी मारून परत आली, परत वळली. हे त्याने पाहिलं. विसरला असता तर वेगळं होतं. त्याने नीट पाहिलं, मधलं बटण अंगठ्याखाली होतं, आणि मनात म्हणाला, नंतर बघू. स्कूटरला किक मारली. पाऊण तास, काओश्योंगच्या हॉस्पिटलपर्यंत. नंतर चार दिवस तो घरी आला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने तोंडावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली. नर्स ओरडेल म्हणून त्याने ती परत लावायला हात पुढे केला, तर तिने त्याचं बोट धरलं. "शटर वीतभर ठेवलंयस ना?" तिने विचारलं. तो म्हणाला, "ठेवलंय की." तिने नुसतं त्याच्याकडे बघितलं. तेव्हा तो म्हणाला, "वीतभराहून जरा जास्तच." थाप मारताना तो नेहमी जरा जास्त घालायचा. सिगरेट ओढलीस का, तर नाही, कालही नाही. हे तिला ठाऊक असायचं, आणि एरवी तिने लगेच पकडलं असतं. पण त्या दिवशी तिने त्याची करंगळी दाबली, डोळे मिटले, आणि तिचे ओठ हसल्यासारखे झाले. तो त्या हसण्याकडे दहा महिने बघत होता. तिला बरं वाटलं होतं. तिने विश्वास ठेवला होता. पहाटे सगळं उलटलं. बघता बघता डॉक्टर म्हणाले, न्यायचं तर आत्ताच घरी न्या.

घरी नेली. श्वास घरात सुटावा म्हणून हवेची पिशवी दाबत नेतात, तशी. नर्स दाबत होती. खरं तर लुआन हॉस्पिटलातच गेली होती हे तिघांनाही कळत होतं, त्याला, नर्सला आणि पेई-जुंगला, त्याच्या मुलीला. कोणी बोललं नाही. काओपिंग नदीचा पूल आला तसा तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "लुआन, पूल ओलांडतोय, बरोबर ये." असं सांगावं लागतं, नाहीतर माणूस मागे राहतो. प्रत्येक पुलाला सांगितलं, छोट्या नाल्यालासुद्धा. घरी पोचले तर शटर सताड वर होतं, मशीन बाजूला सरकवलेलं, तिला ठेवायला फळ्या मांडलेल्या. पेई-जुंगने च्याओ ताईला फोन करून ठेवला होता. दुसरं रिमोट च्याओ ताईकडे असायचं. त्याने वर बघितलं नाही. मग शवपेटी आली, आणि दुकानाच्या मधोमध पांढरा पडदा लागला. पडद्याच्या रस्त्याकडच्या बाजूला ट्यूबलाइट, घरटं, लोक, खुर्च्या, मांडव. आतल्या बाजूला ती आणि तो. अंत्ययात्रेला चांगला दिवस निघेपर्यंत आठ दिवस तो पडद्याआड बसला. मंत्र म्हणणारी एक छोटी विजेची पेटी अहोरात्र वाजत होती, एकच ओळ, फिरून फिरून तीच. पडद्यापलीकडे काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं, आणि ते बरंच होतं. नवव्या दिवशी तिला नेली. नवऱ्याने बायकोच्या मागून जायचं नसतं. पेई-जुंग डोळ्यांपर्यंत जाड्याभरड्या कापडाचं टोपडं ओढून पुढे चालली, बँड वाजला, माणसं गेली, आणि तो एकटा मागे राहिला. कोणीतरी जाता जाता मंत्रांची पेटी बंद केली होती. पडदाही काढून नेला होता. आठ दिवसांत पहिल्यांदा दुकान शांत झालं. तेव्हा त्याने ऐकलं. खुर्चीच्या दांड्या धरून, श्वास रोखून, वर न बघता ऐकलं. एकोणीस-वीस दिवसांची चार पिल्लं म्हणजे कान किटतात. घरट्यातून चूंसुद्धा आली नाही. अर्धा तास तो तसा बसला होता. एवढ्याने त्याची खात्री झाली.

मग तो पेई-जुंगबरोबर उत्तरेला गेला. अकराव्या मजल्यावरचं घर. तिथे भिंगऱ्या नव्हत्या, ते बरं होतं. जेवताना घास फिरायचा. लेक म्हणायची, "बाबा, आईची आठवण येतेय ना?" तो मान हलवायचा. आठवण येतच होती, पण आठवण आली की तिच्या मागोमाग ते हसू यायचं आणि मग आठवणीत थांबता यायचं नाही. लुआन तरुणपणी कशी दिसायची, पहिल्या स्कूटरवर मागे बसून कशी ओरडायची, काही आठवायला गेलं तरी शेवटी तीच खोली, तीच नळी, "ठेवलंय की". एकदा त्याने लेकीला सांगायचा प्रयत्न केला. "तुझ्या आईने मला पाखरांबद्दल विचारलं होतं," एवढं म्हणाला, तर ती म्हणाली, "बाबा, आता पाखरांचं काय घेऊन बसलात," आणि रडायला लागली. मग त्याने तो विषय काढला नाही. ऑक्टोबरात हट्टाने परत आला. नवं वर्ष आलं, गल्लीभर दारांना लाल कागद लागले, त्याचं दार तेवढं रिकामं. मृत्यू झालेल्या घरात वर्षभर सणाचा गोड भात-केक वाफवत नाहीत, शेजाऱ्यांनी आणून द्यायचा असतो. च्याओ ताईने आणून दिला होता, तो अजून फ्रिजमध्ये दगड होऊन पडला होता.

आत्ता वर परत चिवचिव झाली, पंख फडफडले, आणि एक भिंगरी त्याच्या कपाळाजवळून बाहेर गेली. वारा लागला. दुसरी गोळी टपकली, ती ग्रीसच्या डब्यात. त्याला एकदम संताप आला, भिंगऱ्यांचा नाही, स्वतःचा. आणखी दोन दिवसांनी कड पुरी होईल, मग अस्तर, मग अंडी, मेलेल्यांवर अंडी. हे आपण आता खाली मान घालून होऊ देणार? साफ तरी करायला हवं. बघायला लागेल, तर लागेल. त्याने कोपऱ्यातली शिडी आणली, तीच रोजच्या कामाची, आणि पट्टीखाली लावली. शिडीवर त्याचं आयुष्य गेलं होतं, तरी तो एकेक पायरी चाचपत चढला. जोडी बाहेर तारेवर बसून ओरडायला लागली. डोकं घरट्याच्या पातळीला आलं तसे त्याने डोळे मिटले आणि हात आत घातला. बोटांना मऊ लागलं. तो दचकला. तरी हात मागे घेतला नाही. मऊ, कोरडं, हलकं. चाचपलं. पिसं होती. त्याखाली वाळलं गवत, त्याखाली माती. हाड नाही, चोच नाही, कातडी नाही. डोळे उघडले. घरटं आतून स्वच्छ होतं, पांढऱ्या पिसांचा गोल, कडेला बोटभर नवा ओला थर. त्याला सुटल्यासारखं वाटलं नाही लगेच. मुंग्यांनी नेलं असेल, तो मनाशी म्हणाला. दहा महिन्यांत मुंग्या काय ठेवतात? किंवा कोणी झाडलं असेल. मग त्याला घरट्याशेजारी, पट्टीच्या बाजूला, कागद दिसला. दोन बोटं रुंद, फिकट गुलाबी झालेला, एकेकाळी लाल असणार. वरच्या टोकाला खळ. त्याने तो ओळखला. लुआन गेली त्या दिवशी गल्लीत प्रत्येक दाराला तसला लाल कागद लागला होता. ज्या घरात माणूस जातं त्या घराकडून शेजाऱ्यांच्या दारांना लावतात, मृत्यूचा वारा लागू नये म्हणून. दारांचे सगळे केव्हाच निघाले. हा एक राहिला होता, त्याच्याच घरात, पाखरांच्या दाराला.

तो शिडी तशीच ठेवून रस्ता ओलांडून गेला. एक स्कूटरवाला त्याला शिव्या देऊन पुढे गेला. च्याओ ताई गोड मुगाच्या पातेल्यात डाव फिरवत होती. त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी, आवाज रस्त्याच्या पलीकडे जाणारा.

"ताई, घरट्याजवळ लाल कागद कोणी लावला?"

"आज दिसला तुला?" ती म्हणाली. "शटरवाला ना रे तू? वर बघायचा धंदा तुझा, आणि दहा महिन्यांनी दिसला?"

"कोणी लावला?"

"मी. आणखी कोण चढणार? तुझ्याच शिडीवर चढले, कंबर धरली आठवडाभर. त्या विधीवाल्याशी भांडण झालं माझं त्यावरून. म्हणे, बाई, लाल कागद शेजाऱ्यांना लावतात, घरच्यांना नाही, आणि पाखरं या घरात राहतात म्हणजे घरचीच. म्हटलं, या घरच्या चुलीवरचं खातात का? नाही. या घरच्या पूर्वजांना हात जोडतात का? नाही. मग शेजारीच. आण इकडे कागद. गप्प बसला मेला."

"पण ती तेव्हा मेलेली होती."

"कोण?"

"पिल्लं."

"कोणाची पिल्लं?"

"ताई, थट्टा नको. घरट्यातली."

तिने डाव पातेल्यावर आडवा ठेवला. "मेलेल्यांना मृत्यूचा वारा लागू नये म्हणून लाल कागद लावीन मी? डोकं फिरलंय का माझं? चार होती. चोची वासून अशी आरडत होती की मला चक्कर यायची शिडीवर. काय बोलतोयस तू शुई?"

मग त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, बर्फाच्या यंत्राला टेकून, दोन गिऱ्हाइकं बसली होती त्यांच्यासमोर. शटर पाडलं, भिंगरी वळताना पाहिली, मधलं बटण अंगठ्याखाली होतं, चार दिवस बंद. लुआनने विचारलं, आपण खोटं बोललो, ती हसली आणि दुसऱ्या दिवशी गेली. नेली त्या दिवशी दुकान शांत झालं तेव्हा ऐकलं, तर चूं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो हे मोठ्याने बोलत होता, आणि बोलताना ते अगदी थोडं वाटत होतं, चार-पाच वाक्यांचं.

च्याओ ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, "चार दिवस बंद होतं, हे तुला कोणी सांगितलं?"

"मीच केलं ना बंद."

"तू सकाळी बंद केलंस. दुपारच्या आत मी उघडलं."

त्याला समजलं नाही.

"अरे, तिने फोन केला मला. तिथे पोचल्या पोचल्या. नर्सकडून फोन मागून घेतला म्हणे. धाप लागलेली, पण बोलायची हौस बघ. 'च्याओ ताई, ऐक,' म्हणे, 'आमच्या म्हाताऱ्याने शटर पार जमिनीला टेकवलं असणार. रिमोट घे आणि वीतभर वर कर. आणि मी विचारीन ना त्याला, तर तो म्हणेल, ठेवलंय की, वीतभराहून जरा जास्तच. तू बघ, अस्सं म्हणतो की नाही.' हसता हसता ठसका लागला तिला. मी म्हटलं, लुआन, मरशील अशाने, ठेव फोन. असं बोलले मी. जीभ जळो माझी."

चिन-शुईने बर्फाच्या यंत्राचा कोपरा घट्ट धरला.

"मी म्हटलं, त्याला सांगू का उघडलंय म्हणून? तर म्हणाली, 'मुळीच नाही. घरी आले की मीच पकडते त्याला.' म्हणून नाही बोलले. तिचा बेत होता, मी कशाला मध्ये तोंड घालू? आणि नंतर कुठल्या तोंडाने बोलणार होते, तू पडद्याआड, मग पोरीकडे. मला काय माहीत तू हे घेऊन बसलायस. मला वाटलं, माणूस बायकोसाठी झुरतोय, झुरू दे."

"मग त्या दिवशी आवाज का नव्हता?"

"कारण घरटं रिकामं होतं, गाढवा! त्याच सकाळी उडाली. बँडवाल्याने तुतारी फुंकली आणि पहिलं टप्पकन बाहेर पडलं. मग दुसरं. तिसरं ढोलवाल्याच्या टोपीवर बसलं, तो बिचारा हलेना, ढोल वाजवेना, मागची सगळी मिरवणूक खोळंबली. तुझ्या पोरीच्या डोळ्यांवर टोपडं, तिला काय दिसणार. पण अख्खी गल्ली वर बघत होती. संध्याकाळी चारही परत आली झोपायला, लहान असताना येतातच आठवडाभर. तू माडीवर पडलेलास. आणि तू गेल्यावर जूनमध्ये परत अंडी घातली, या वेळी तीन. जुलैपर्यंत मी रोज तुझं शटर वर-खाली करत होते. चोर येईल म्हणून घोर नव्हता. गंजक्या स्प्रिंगा कोण नेतंय?"

एका गिऱ्हाइकाने फिस्सकन हसू दाबलं. चिन-शुईला बसावंसं वाटलं. बाक होतं, त्यावर तो बसला. हातांना अजून ग्रीस होतं आणि डाव्या मनगटावर सुकलेली माती. तिने विश्वास ठेवला नव्हता. एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तिने एक क्षणही विश्वास ठेवला नव्हता. करंगळी दाबली ती समाधानाने नाही. तो बरोब्बर तेच वाक्य बोलला, "जरा जास्तच" सकट, आणि तिला हसू आवरलं नाही, म्हणून डोळे मिटले. पकडला होता तिने त्याला. पकडून ठेवून दिला होता, घरी गेल्यावर काढायला. पिल्लं खाऊन-पिऊन पोटभर होती आणि तिला ते ठाऊक होतं, आणि ती त्याच्याकडे बघून मजा बघत होती. शेवटच्या संध्याकाळी लुआनची मजा चालली होती. त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं, त्याला वाटलं रडू, पण बाहेर आलं ते हसूच, घोगरं, खोकल्यासारखं. मग रडूही आलं. दोन्ही एकदम चाललं होतं आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. श्वास पार तळापर्यंत जात होता. इतके दिवस तो वरवरच घेत होता हे त्याला आत्ता कळलं.

"गिऱ्हाइकं पळतील माझी," च्याओ ताई म्हणाली आणि मुगाचा वाडगा त्याच्यापुढे आपटला. वर बर्फाचा ढीग. "खा. आणि ते बघ, तुझ्या शिडीला भीकसुद्धा घालत नाहीत."

त्याने रस्त्यापलीकडे पाहिलं. शिडी दारात तशीच उभी होती. भिंगरी तिच्या दोन पायऱ्यांमधून आत शिरली, चोचीत काळं काहीतरी होतं. लगेच दुसरी. पहिली बाहेर आली, सरळ देवळाच्या दिशेने गेली. दुपार व्हायच्या आत आजचा थर पुरा करायचा असणार. त्याने मान वर केली होती आणि ती दुखत नव्हती. त्याने पहिला घास घेतला. मूग मऊ शिजले होते, साखर जरा जास्त होती, दात थंडीने ठणकले. वाडगा संपला तेव्हा त्याने तो पुढे सरकवला आणि तिने न विचारता परत भरला. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने स्वतःहून दुसऱ्यांदा काही घेतलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला.

"आता काय?"

"परत सांगा."

"काय परत?"

"तिचा फोन. काय काय म्हणाली ते. पहिल्यापासून."

"सांगितलं ना आत्ता? मूग करपतायत माझे."

"तिच्या आवाजात सांगा."

च्याओ ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग गॅस बारीक केला, फडक्याला हात पुसले आणि समोरच्या बाकावर येऊन बसली. छातीवर हात ठेवला, धाप लागल्यासारखे दोन श्वास घेतले आणि लुआनसारखा आवाज पातळ केला. तो काही हुबेहूब जमला नाही, पण शब्दांमध्ये थांबायची पद्धत लुआनचीच होती. "च्याओ ताई, ऐक," ती म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्याने शटर..." चिन-शुईने वाडगा मांडीवर धरला, आणि पुढचं वाक्य यायच्या आधीच तो हसायला लागला.